कुंपणच शेत खातं तेव्हा: कार्बीन, सिलिकॉन आणि जड कॅल्कोजेन

तासगावच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "एमएस्सीनंतर पीएचडीला लागून सात महिने झाले. कार्बीनचा आधार दिलेली सिलिलीन घेऊन तिच्यावर गंधक, सेलेनियम आणि टेल्युरियम चढवायचं, असा विषय मिळाला आहे. गंधकाच्या अभिक्रियेत पाच-सहा पदार्थांची खिचडी होते. सेलेनियममधून सुरेख स्फटिक मिळाले, पण एक्स-रे केल्यावर त्यात सिलिकॉनच नाही, नुसतं कार्बीन आणि सेलेनियम! टेल्युरियमची पूड तर तीन दिवस ढवळूनही तळाशी जशीच्या तशी. कार्बीन सिलिकॉनला सांभाळण्यासाठी असतं ना? मग माझं चुकतंय कुठे? सिलिकॉन-२९ चा एनएमआर सिग्नलही मिळत नाही, आणि घरी विचारतात, याचा उपयोग काय?"

तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, म्हणून 'तू'च म्हणतो. मी पुण्यात बरीच वर्षं याच कामात होतो, आता सांगलीत शिकवतो. सेलेनियमचे जे स्फटिक तुला मिळाले, तेच मलाही मिळाले होते. ते हवं ते संयुग आहे असं समजून मी जवळजवळ चार महिने पुढचे प्रयोग त्यावर रचले. त्यामुळे तुझा प्रश्न वाचताना ती फिकट पिवळी कुपी डोळ्यांसमोर आली.

तू कार्बीनला, म्हणजे दोनच बंध आणि एक मोकळी इलेक्ट्रॉन जोडी असलेल्या कार्बनच्या रेणूला, आधार म्हणतेस. आपण सगळेच म्हणतो, पुस्तकंही तसंच लिहितात. पण गंधक, सेलेनियम किंवा टेल्युरियम फ्लास्कमध्ये पडलं की कार्बीन नुसतं आधार राहत नाही, त्या कॅल्कोजेनसाठी (ऑक्सिजनच्या घराण्यातल्या या मूलद्रव्यांचं नाव) सिलिकॉनशी चढाओढ करणारा दुसरा गडी होतं. आपण कुंपण घातलं पिकाच्या राखणीला, आणि कुंपणानेच शेत खाल्लं, अशी गत. हे एकदा मनात पक्कं झालं की तुझ्या तिन्ही अडचणी एकाच मुळाशी जातात.

आधी थोडी मांडणी. सिलिलीनमध्ये सिलिकॉन द्विसंयुजी असतो. त्याच्याकडे एक मोकळी इलेक्ट्रॉन जोडी असते आणि एक रिकामं पी-कक्षक. रिकामं कक्षक म्हणजे उघडं दार, त्यातून कोणीही आत येतं आणि रेणू मोडतो. कार्बीन आपली जोडी त्या रिकाम्या कक्षकात देतं आणि दार लावून घेतं. सिलिकॉनची स्वतःची जोडी मात्र तशीच राहते, किंबहुना देण्याला अधिक उतावीळ होते. कॅल्कोजेनचा अणू त्या जोडीवर येऊन बसतो आणि सिलिकॉन द्विसंयुजीचा चतुःसंयुजी होतो. कागदावर आपण सिलिकॉन आणि गंधकामध्ये दोन रेघा काढतो. मला स्वतःला त्या दोन रेघांपेक्षा सिलिकॉनवर धन आणि गंधकावर ऋण भार दाखवणारं चित्र जास्त खरं वाटतं. कारण कार्बीन बसल्यावर सिलिकॉन सपाट राहत नाही, चार बाजूंनी बांधलेला असतो, आणि शुद्ध पाय-बंधाला लागणारं कक्षक कार्बीनने आधीच अडवलेलं असतं. गंधकाच्या मोकळ्या जोड्या शेजारच्या बंधांच्या प्रतिबंधी कक्षकांत थोड्या झुकतात, म्हणून बंध आखूड होतो. सिलिकॉन आणि गंधकाचा साधा एकेरी बंध सुमारे २.१५ अँगस्ट्रॉमचा. ओकाझाकी आणि तोकितोह यांच्या गटाने १९९४ मध्ये निव्वळ अवजड गटांच्या जोरावर टिकवलेल्या सिलानथायोनमधला (कार्बीनशिवायच्या सिलिकॉन-गंधक संयुगातला) खरा दुहेरी बंध १.९४८ अँगस्ट्रॉमचा. कार्बीनवाल्या संयुगांतला बंध या दोन आकड्यांच्या मध्ये पडतो, बहुतेक वेळा दुहेरीच्या बाजूला.

इतिहास थोडक्यात, कारण तो तुझ्या गाईडनी सांगितलाच असेल. अर्डुएंगो यांनी १९९१ मध्ये पहिलं स्फटिकरूप एन-हेटरोसायक्लिक (नायट्रोजन असलेल्या कड्यातलं) कार्बीन बाटलीत ठेवून दाखवलं. २००८ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात रॉबिन्सन यांच्या गटाने कार्बीन आणि सिलिकॉन टेट्राक्लोराइडच्या जोडसंयुगावर पोटॅशियम ग्रॅफाइट हे जबर क्षपणक वापरून दोन सिलिकॉन अणूंची, शून्य ऑक्सिडेशन अवस्थेतली, जोडी पकडली. त्यात सिलिकॉन-सिलिकॉन अंतर २.२३ अँगस्ट्रॉम आणि कार्बीनकडचा कोन जवळपास ९३ अंश. इतका काटकोनी कोन सांगतो की मोकळी जोडी जवळजवळ पूर्णपणे एस-कक्षकात बसलेली आहे. पुढच्याच वर्षी गॉटिंगेनला रोएस्की यांच्या गटाने डायक्लोरोसिलिलीन आणि बॉनला फिलिप्पू यांच्या गटाने डायब्रोमोसिलिलीन कार्बीनच्या आधाराने वेगळी केली. २०१० मध्ये बर्लिनला ड्रीस यांच्या गटाने कार्बीनचा आधार असलेल्या एकाच सिलिलीनवर ऑक्सिजन, गंधक, सेलेनियम आणि टेल्युरियम असे चारही बसवून दाखवले. तुझ्या विषयाची ही सगळ्यात जवळची पायवाट. ते काम ओळ न् ओळ वाच, प्रायोगिक भाग तर दोनदा.

आता तुझे सेलेनियमचे स्फटिक. त्या रेणूला सेलोन म्हणतात. कार्बीनच्या कार्बनवर थेट सेलेनियम बसलेलं असतं. तो इतका सहज तयार होतो आणि इतका छान स्फटिकतो की फ्लास्कमध्ये पाच टक्के असला तरी पहिले स्फटिक त्याचेच पडतात. म्हणून शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. एक्स-रेला उचललेला एक स्फटिक बाकीच्या फ्लास्कबद्दल काहीच सांगत नाही. आधी सबंध मिश्रणाचा एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात प्रत्येक अणूचा सिग्नल टिपणारा स्पेक्ट्रम), मग स्फटिक. हा क्रम मोडू नकोस.

सेलोन येण्याच्या वाटा मला तीन माहीत आहेत. पहिली आणि सगळ्यात नेहमीची म्हणजे सुरुवातीच्या पदार्थातच सुटं कार्बीन उरलेलं असणं. रोएस्की यांच्या पद्धतीत ट्रायक्लोरोसिलेनच्या एका रेणूला कार्बीनचे दोन लागतात, एक सिलिकॉनला बिलगतो आणि दुसरा हायड्रोजन क्लोराइड ओढून घेऊन क्षार होऊन तळाशी बसतो. ट्रायक्लोरोसिलेन ३२ अंशांच्या आतच उकळतं. सांगलीच्या एप्रिलमध्ये, किंवा गरम खोलीत बाटली उघडून मापलंस, तर मापलेलं सगळं फ्लास्कमध्ये पोहोचतच नाही आणि कार्बीन उरतं. ते गाळणीतून सिलिलीनबरोबर खाली येतं. सुट्या आयपीआर कार्बीनचा (नायट्रोजनवर डायआयसोप्रोपाइलफिनाइल हे अवजड गट असलेल्या) कार्बन एनएमआरमध्ये २२० पीपीएमच्या (एनएमआरच्या पट्टीवरचं माप) जवळ दिसतो. तिथे काही आहे का ते पाहिल्याशिवाय सेलेनियमच्या बाटलीला हात लावू नकोस.

दुसरी वाट जास्तीच्या सेलेनियमची. आणि तिसरी, सगळ्यात शिकवणारी: हवं ते संयुग तयार होतं, पण कार्बीन त्यावरून हळूहळू सुटतं. सिलिकॉनवर सेलेनियम बसल्यावर कार्बीनची पकड कशी राहील, हे त्या सिलिकॉनवरच्या बाकीच्या गटांवर ठरतं. गट मोठे असतील आणि कार्बीनही आयपीआरसारखं रुंद असेल, तर दाटी होते. कार्बीन सुटलं की आधार गेलेले दोन सिलिकॉन-सेलेनियम तुकडे एकमेकांना चिकटून चौकोनी कडं करतात, आणि सुटलेलं कार्बीन भांड्यात उरलेलं सेलेनियम पकडतं. चौकोनी कडं परत उलगडत नाही. तिथे खेळ संपतो.

तीन वाटांपैकी तुझी कोणती, हे ओळखायला एक साधा प्रयोग आहे, आणि त्याने माझे चार महिने वाचले असते. एनएमआर नळीतच अभिक्रिया लाव, काहीही वेगळं न करता दहा मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्पेक्ट्रम घे. सेलोनचा एक नमुना आधी मुद्दाम स्वतंत्र बनवून त्याचा स्पेक्ट्रम हाताशी ठेव. सेलोन सुरुवातीलाच दिसलं आणि नंतर वाढलंच नाही, तर ते उरलेल्या कार्बीनचं. हळूहळू वाढत राहिलं, तर तुझं संयुग उसवतंय. आयपीआरच्या सेलोनचा सेलेनियम-७७ सिग्नल ९० पीपीएमच्या आसपास येतो. ड्यूसेलडॉर्फच्या गांटर यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की सेलोनमधलं हे स्थान कार्बीनच्या पाय-ग्राहक (शेजाऱ्याचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या) स्वभावाचं मोजमाप म्हणून वापरता येतं. ज्या पदार्थाचा मी इतके दिवस राग केला, तो कोणाच्या तरी हातात मोजपट्टी झाला. कार्बीन बदलून पाहायची वेळ आली तर ही मोजपट्टी तुलाही उपयोगी पडेल.

बदलायचंच तर लहान कार्बीनपासून सुरुवात कर, नायट्रोजनवर मिथाइल किंवा आयसोप्रोपाइल असलेली. ती सिलिकॉनच्या जवळ जाऊन घट्ट धरतात. सायक्लिक अल्काइल अमिनो कार्बीनचा मोह होईल, पण ते सिलिकॉनची मोकळी जोडी स्वतःकडे ओढतं. मग कॅल्कोजेनला द्यायला सिलिकॉनकडे कमी उरतं आणि रसायनच वेगळ्या वाटेने जातं. पहिल्याच वर्षी त्या वाटेला जाऊ नकोस, असं मी सांगेन.

गंधकाच्या खिचडीचं कारण बहुधा मापात आहे. तुझ्या घरी द्राक्षबाग असेल तर भुरीवर मारायचं गंधक तू लहानपणापासून पाहिलं आहेस. तेच हे, आठ अणूंचं मुकुटासारखं कडं. एक कडं म्हणजे आठ सिलिकॉन अणूंचं राशन. अर्धा मिलिमोल सिलिलीनला गंधक फक्त १६ मिलिग्रॅम लागतं, सेलेनियम ३९.५ आणि टेल्युरियम ६३.८. सोळा मिलिग्रॅम तोलताना दोन मिलिग्रॅमची चूक म्हणजे साडेबारा टक्के. गंधक टोल्युइनमध्ये विरघळतं, म्हणून ते तोलून थेट टाकू नकोस. शंभर-दोनशे मिलिग्रॅमचं ठरावीक सामर्थ्याचं द्रावण कर आणि सिरिंजने मापून, गार फ्लास्कमध्ये थेंब थेंब सोड. एकदम ओतलंस तर जिथे ओतलं तिथे गंधक जास्त होतं, सिलिकॉनवर एकाऐवजी अनेक गंधकांची कडी तयार होतात, कार्बीन थायोन (सेलोनचं गंधकवालं भावंड) होऊन निघून जातं. ढवळून ते परत येत नाही. उलट क्रमाने, म्हणजे गंधकात सिलिलीन, तर कधीच नको.

टेल्युरियमबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण इथे मुलं सगळ्यात लवकर निराश होतात. टेल्युरियम 'कमी क्रियाशील' म्हणून तळाशी बसलेलं नाही. त्याची पूड म्हणजे रेणू नाहीतच. लांबच लांब पिळाच्या साखळ्या एकमेकींना धरून बसलेल्या असतात, कुठल्याही नेहमीच्या द्रावकात त्या सुटत नाहीत. आणि पूड जुनी असेल तर कणांवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो. तो पापुद्रा तुझ्या सिलिलीनला टेल्युरियमऐवजी ऑक्सिजन देतो, आणि ऑक्सिजन एकदा सिलिकॉनवर बसला की सुटण्याची आशा नाही. म्हणून पुडीऐवजी टेल्युरियमचा खडा घे आणि ग्लोव्हबॉक्समध्येच (हातमोजे लावलेल्या, बिनहवेच्या बंद पेटीत) खलून ताजी पूड कर.

यानेही भागलं नाही तर टेल्युरियम वाहून आणायला हमाल ठेव. ट्रायअल्काइल फॉस्फीन टेल्युरियम उचलून द्रावणात आणतं, फॉस्फीन टेल्युराइड होतं. त्या दोघांतला बंध इतका सैल असतो की टेल्युरियम सिलिकॉनकडे जातं आणि मोकळं झालेलं फॉस्फीन पुन्हा तळाच्या पुडीकडे वळतं. त्यामुळे फॉस्फीन थोडंसंच, दहा टक्क्यांपर्यंत, पुरतं, आणि फॉस्फरस एनएमआरवर त्याची ये-जा दिसते. पण सुटं कार्बीन असेल तर तेही या हमालाकडून टेल्युरियम हिसकावतं, तेव्हा २२० पीपीएमची तपासणी इथेही आधी.

टेल्युरियम बसल्यावरचं दुखणं वेगळं. सिलिकॉन-टेल्युरियम बंध लांब आणि दुबळा. प्रकाश लागला किंवा द्रावण तापलं की काचेवर काळा-करडा आरसा चढू लागतो. तो आरसा म्हणजे सुटून पडलेलं टेल्युरियम. फ्लास्कला पहिल्या मिनिटापासून अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळ, द्रावक काढताना पाण्याचं गरम भांडं लावू नकोस, स्फटिक उणे तीस अंशांवर पाड. रंगही पाहत राहा. गंधकाची संयुगं बहुधा रंगहीन ते फिकट पिवळी, सेलेनियमची पिवळी, टेल्युरियमची नारिंगी-लालसर, कारण खाली जाताना जड अणूच्या मोकळ्या जोडीला उडी मारायला लागणारी ऊर्जा कमी कमी होत जाते. टेल्युरियमचा नारिंगी रंग रात्रीत फिका पडला तर सकाळी स्पेक्ट्रम घेण्याआधीच समज, संयुग गेलं.

हाच दुबळेपणा पुढच्या प्रयोगांत तुझी सगळ्यात मोठी सोय आहे. म्युनिकला इनोउए यांच्या गटाने २०१७ मध्ये दोन कार्बीनांनी धरलेल्या, सिलिकॉनवर गंधक, सेलेनियम किंवा टेल्युरियम असलेल्या धन आयनांवर कॅल्कोजेनची देवाणघेवाण केली. जड कॅल्कोजेन हलक्याला जागा देतं: टेल्युरियमच्या जागी सेलेनियम, सेलेनियमच्या जागी गंधक. तुझं टेल्युरियम संयुग हातात आलं की पहिली परीक्षा हीच कर. त्यात मोजून सेलेनियम टाक, आणि सेलेनियमचं थेट बनवलेलं संयुग तेच येतं का पाहा. दोन वेगळ्या वाटांनी एकच पदार्थ आला तर त्याच्या ओळखीबद्दल फारसा वाद उरत नाही. ऑक्सिजनच्या बाजूला असा खेळ करता येत नाही. नॉटिंगहॅमला किपिंग गेल्या शतकाच्या सुरुवातीला कीटोनची सिलिकॉनवाली जुळी भावंडं शोधत होते, आणि त्यांच्या हाती येत राहिले चिकट पदार्थ, ज्यांना आज आपण सिलिकोन म्हणतो. सिलिकॉन आणि ऑक्सिजन जमलं तर एकेरी बंधांची साखळी करतात आणि थांबत नाहीत. जड कॅल्कोजेन थांबतात, परतही फिरतात, म्हणून मला त्यांच्यावर काम करायला आवडतं.

बाकी अभिक्रिया बहुतेक कॅल्कोजेनच्या टोकाला होतात, कारण ऋण भार तिथे आहे. मिथाइल आयोडाइड गंधकावर जाऊन बसतं, तांबं आणि सोन्याचे क्षार तिथूनच धरले जातात. ट्रिस-पेंटाफ्लुओरोफिनाइल बोरेनसारखं जबर लुईस आम्ल (इलेक्ट्रॉन जोडी घेणारा रेणू) मात्र विचार करून वापर. ते कॅल्कोजेनला न धरता कार्बीनच उपटून नेऊ शकतं. मुद्दाम उपटायचं असेल तर ते उत्तम हत्यार आहे.

सिलिकॉन-२९ चा सिग्नल मिळत नाही असं तू शेवटी लिहिलं आहेस. हा अणू निसर्गात फक्त ४.७ टक्के असतो, आणि तुझ्या सिलिकॉनवर हायड्रोजन नाही, म्हणून त्याला वेळ द्यावा लागतो. द्रावण दाट कर, पल्समधलं अंतर वाढव, रात्रभर लाव. उणे ११० पीपीएमच्या आसपास दिसणारा रुंद उंचवटा नळीच्या काचेचा आहे, त्याच्या मागे लागू नकोस. खरा पुरावा सिग्नलच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या उपशिखरांत आहे. सेलेनियम-७७ फक्त ७.६ टक्के, म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम ३.८ टक्के उंचीचं शिखर. तेवढं दिसेपर्यंत स्कॅन चालू दे. ते दिसलं की सिलिकॉन आणि सेलेनियम एकमेकांना थेट धरून आहेत हे कुठल्याही परीक्षकाला पटेल. आणि प्रोटॉन स्पेक्ट्रममध्ये ड्युटेरेटेड बेंझीनमध्ये ०.२९ ला एक टोकदार शिखर दिसलं तर ते व्हॅक्यूम ग्रीसचं. ग्रीसही सिलिकॉन-ऑक्सिजनचंच असतं आणि असे रेणू त्याचे तुकडे उचलून घेतात, तेव्हा सांध्यांना हात आखडून लाव.

हवेबद्दल एक गोष्ट आपल्याकडचीच. हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं तू ऐकली असशील. अरुंद तोंडाची, आत रुंद होत जाणारी, तोंड लिंपून बंद केलेली. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही, कारण आतल्या हवेत श्वासापुरता प्राणवायू उरलेला नसतो. हळद टिकते ती त्यामुळेच. ग्लोव्हबॉक्स म्हणजे आपलं पेव. ऑक्सिजन आणि पाण्याचा आकडा एक पीपीएमच्या (इथे दहा लाखांत एक भाग) खाली आला नसेल तर त्या दिवशी सिलिलीन उघडू नकोस, पावसाळ्यात तर अजिबात नाही.

आणि सांडलेल्या, उरलेल्या पदार्थांबद्दल माझं हे ऐकच. सिलिकॉन-सेलेनियम बंधाला पाणी लागलं की हायड्रोजन सेलेनाइड सुटतो. आठ तासांच्या कामासाठी त्याची मान्य मर्यादा फक्त ०.०५ पीपीएम आहे. काचसामान हूडमध्येच, पातळ ब्लीचमध्ये हळूहळू बुडव, आम्ल कधीही घालू नकोस. टेल्युरियम अंगात गेलं तर श्वासाला लसणासारखा वास येतो आणि तो बरेच दिवस जात नाही. असा वास आला तर त्या आठवड्यात काम थांबव आणि डॉक्टरांना दाखव. पोटॅशियम ग्रॅफाइटचा उरलेला गाळ हवेत पेट घेतो, त्याला नायट्रोजनखालीच आयसोप्रोपेनॉलने शांत कर. द्रव नायट्रोजनच्या ट्रॅपमध्ये निळसर द्रव दिसला तर तो द्रव ऑक्सिजन आहे. ट्रॅप बंद करू नकोस, नायट्रोजनचं भांडं काढू नकोस, खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढ आणि गाईडना बोलाव.

याचा उपयोग काय, असं घरी विचारतात म्हणालीस. शेतात किंवा कारखान्यात उद्या लागेल असं काही मी सांगणार नाही. पण सिलिकॉन मोनोसल्फाइड हा दोन अणूंचा रेणू १९७५ मध्ये सिंह राशीतल्या एका म्हाताऱ्या ताऱ्याभोवतीच्या वायूत सापडला. तिथे तो सुटा राहू शकतो, कारण तिथे त्याला भेटणारा दुसरा रेणू क्वचितच असतो. इथे पृथ्वीवर तशा तुकड्याला बाटलीत धरून ठेवायचं, तर त्याच्याभोवती कार्बीन बांधावं लागतं. वडिलांना एखाद्या मार्चच्या रात्री बागेत उभं राहून सिंह रास दाखव आणि एवढं सांग.

आता पुढच्या आठवड्यात तीनच गोष्टी कर. सिलिलीनचा ताजा कार्बन स्पेक्ट्रम घे, सेलोनचा नमुना स्वतंत्र बनव, आणि नळीतला सेलेनियमचा प्रयोग दहा मिनिटं, एक तास आणि दुसरी सकाळ असा लाव. ते तिन्ही स्पेक्ट्रम एकाखाली एक लावून मला पाठव, त्यावरून कार्बीन ठेवायचं की बदलायचं हे ठरवू.